पायाळूचा पाय

मी पायाळू आहे. जन्माला येताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. सुईणीने माझी आशा सोडली होती असं आई अजून सांगते, आणि सांगताना माझ्याकडे अशी बघते की जसं काही ते मी मुद्दामच केलं. आमच्या भागात पायाळू माणसाबद्दल दोन गोष्टी पक्क्या मानतात. त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते, आणि आभाळातली वीज त्यालाच शोधत येते. पहिलीमुळे मला मान मिळाला. दुसरीमुळे, लहानपणी ढग गडगडला की आई मला आतल्या खोलीत कोंडायची आणि अंगावर घोंगडी टाकायची. माझ्या वयाच्या पोरी पावसात भिजत असताना मी घोंगडीच्या वासात बसलेली असे.

आता मी महाडात तळ्याच्या मागच्या गल्लीत राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी वर्गात मणक्यांचा तक्ता टांगून मज्जारज्जू शिकवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन कुणाच्या तरी पाठीवर पाय द्यायचा, असा माझा अनेक वर्षांचा संसार. वाकताना किंवा ओझं उचलताना पाठीत जी कळ एकदम भरते ती उसण. ती भरली की माणूस जिथल्या तिथे अडकतो. मग त्याला रिक्षात घालून माझ्याकडे आणतात. तो उंबऱ्यात पालथा पडतो, मी डावा पाय त्याच्या कमरेला हलकेच लावते, तो उठून नमस्कार करतो. पार शिवथरकडून लोक येतात. शेजारचे भाई टेम्पोचा धंदा करतात, तेही लांबची खेप मारून आले की बायकोला न सांगता माझ्या दारात येऊन आडवे होतात. नवरा म्हणतो, दाराबाहेर दवाखान्याची वेळ लिहून टाक.

मला त्यातलं इंगित ठाऊक होतं. बहुतेक उसण म्हणजे आखडलेला स्नायू, तो चार दिवसांत आपला आपण सैल होतो. माणूस आधी बाम चोळतो, मग मेडिकलमधून गोळी आणतो, तरी जमलं नाही की माझ्याकडे येतो. तोवर बरं व्हायची वेळ झालेलीच असते, आणि नाव होतं माझ्या पायाचं. सुरुवातीला मी हे लोकांना समजावून सांगायची. कुणी ऐकत नसे. पुढे मी सांगणं सोडून दिलं, कारण खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. वर्गातली पोरं माझं ऐकत नाहीत, पण मोठमोठे बाप्ये माझ्या उंबऱ्यात निमूट पालथे पडतात, हे कुणाला आवडणार नाही.

माझा धाकटा भाऊ पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत आईजवळ राहतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो कामाला होता. भरलेला ड्रम तिरका करून काठावर फिरवत न्यायचा, हे त्याचं काम आणि त्याची मिजाससुद्धा. घाटातून मोटरसायकलने खाली यायचं, पाळी संपली की तसंच वर जायचं. कमर दुखायची ती वर्षानुवर्षं. पट्टा बांधायचा, गोळी खायची, पुन्हा ड्रम. मग एका पावसाळ्यात दुखण्याने जागा बदलली. कमरेतून निघून ते डाव्या मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट पायाच्या अंगठ्यात जाऊ लागलं. शिंकला तरी जाई.

"वीज उतरते गो ताय पायातून," तो म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. वीज पत्ता चुकली, बहिणीऐवजी भावाकडे आली, असं मीच म्हणाले. आई मात्र हसली नाही. ती उठून चुलीकडे गेली.

महाडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यात हाडं ठीक दिसली. एक्स-रेत हाडंच दिसतात, नस दिसत नाही, तेव्हा एमआरआय करून घ्या, मणक्यातली गादी सरकलेली असणार, असं त्यांनी सांगितलं. भावाने घरी जाऊन एवढंच सांगितलं की गादी सरकली. दुसऱ्या दिवशी आईने त्याची कापसाची गादी माळ्यावर टाकली आणि त्याला जमिनीवर घोंगडीवर झोपवलं. मी गेले तेव्हा हे कळलं आणि हसू आवरेना. तिला समजावलं की ही गादी वेगळी. प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, भरलेल्या करंजीसारखी. काठ उसवला की आतलं सारण बाहेर येतं आणि शेजारून जाणाऱ्या नसेला दाबतं. ती नस पायात जाते, म्हणून दुखतो पाय, पण बिघाड असतो कमरेत. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग सोपं आहे, तू पाय दिलास की सारण आत जाईल.

विज्ञान शिकवून मी काय मिळवलं ते त्या दिवशी कळायला हवं होतं. एमआरआय कापणीनंतर करू असं ठरलं, कारण भात उभं होतं आणि माणसं मिळत नव्हती.

परतीचा पाऊस चालू होता. दुपारपर्यंत कडक ऊन, मग आभाळ भरून यायचं आणि गडगडाट. त्या घाईत भाऊ भाताचा भारा उचलून डोक्यावर घ्यायला गेला आणि खळ्यातच खाली बसला. त्याच्या बायकोने मला फोन केला. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी पोलादपूरची एसटी धरली आणि पुढे रिक्षाने वर गेले. भाऊ पडवीत पालथा पडला होता. शेजारच्या दोन म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझीच वाट बघणं चाललं होतं.

वीज आता दोन्ही पायांत उतरते, तो म्हणाला. आधी एकाच पायात होती, आता दोन्हीत, हे मला खटकलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता खाली महाडला जाऊ. त्याला बसवतसुद्धा नव्हतं, घाटातल्या वळणांची त्याने धास्ती घेतली होती. उद्या बघू म्हणाला. आई म्हणाली, आधी पाय दे. मी चिडले, आवाज चढवला, म्हाताऱ्यांना घरी जायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत. शेवटी भावानेच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पायात काटा मोडला की असाच बघायचा. मी डावा पाय त्याच्या कमरेला टेकवला. दाब दिला नाही, नुसता टेकवला. तळव्याखाली त्याची पाठ पाटासारखी कडक आणि गरम लागली. मी पाय लगेच काढून घेतला. त्या रात्री मी तिथेच राहिले.

सकाळी मला जाग आली ती त्याच्या आवाजाने. तो भिंतीला धरून पडवीत उभा होता आणि हसत होता.

"ताय, गेली गो उसण. कायच दुखत नाय."

घरात जो आनंद झाला तो काय सांगू. आईने त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि मग माझ्यावरूनही. शेजारची एक म्हातारी माझ्या पायाला हात लावून गेली. आणि मी, मणक्यांचा तक्ता तोंडपाठ असलेली बाई, मनातल्या मनात म्हणत होते की असेलही काहीतरी. माणसाला चढायला काय लागतं.

भाऊ तोंड धुवायला अंगणात उतरला. जरा पाय ओढत होता, पण इतकं दुखल्यावर ओढणारच. जाता जाता त्याची डावी चप्पल चिखलात राहिली. तो तसाच पुढे गेला, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, खडे तुडवत. खाली बघितलंसुद्धा नाही. मी हसून म्हटलं, अरे, चप्पल तरी घाल. त्याने वळून चपलेकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे पाहिलं. थोडा वेळ नुसता बघतच राहिला. मग तोही हसला आणि येऊन ओल्या पायरीवर बसला. आईने ओरडून सांगितलं की पायरी भिजलीय. तो म्हणाला, हो काय?

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी चहा पीत होते.

दुपारी मी निघायची तयारी करत होते. भावजयीने मला मागच्या दारी, धुण्याच्या दगडाकडे बोलावलं. ती माझ्याहून बरीच लहान, माझ्यासमोर फारशी बोलत नाही. दगडावर त्याची लुंगी भिजत पडली होती. ती कपड्याकडे बघत बोलली.

"ताय, कुणाला सांगू नको. कालपासनं ते लघवीला गेले नाय. आन् मघाशी लुंगी ओली झाली, ती त्यांना कळलीच नाय. मला म्हणतात, तायला बोलू नको, लाज वाटते."

डॉक्टरी मला येत नाही, पण तक्त्यावर बोट ठेवून मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते की कमरेतून निघणाऱ्या नसा नुसत्या पायात जात नाहीत. मूत्राशयाला, बसायच्या जागेला, सगळ्याला त्याच पुरवतात. दुखणं ही नसेने मेंदूला घातलेली हाक असते. हाक थांबली याचा अर्थ हाक मारणारा बरा झाला असाच होतो असं नाही. हे वाक्य मला तिथे, त्या धुण्याच्या दगडाजवळ सुचलं. वर्गात कधी सुचलं नव्हतं.

मी आत गेले. भाऊ खाटेवर पडून मोबाइल बघत होता, चेहरा शांत. मी मंगळसूत्राची सेफ्टी पिन काढली आणि त्याला म्हटलं, डोळे मीट. पोटरीवर टोचली. मांडीच्या मागे टोचली. तो डोळे मिटून वाट बघत होता.

"टोच ना," तो म्हणाला.

पिनेच्या टोकाला रक्ताचा थेंब आला होता. त्याने डोळे उघडले, तो थेंब पाहिला आणि आईकडे बघितलं. मग पहिल्यांदा मला त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

बाहेर आभाळ काळं झालं होतं. वाडीत फोनची रेंज फक्त देवळाच्या पारावर येते. मी निघाले तर आई दारात आडवी उभी राहिली. गडगडतंय, तू पायाळू, भायेर जाऊ नको गो, म्हणत होती. मी तिला हाताने बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला धक्का दिला. पारावर उभी राहून महाडला, आमच्या शेजारच्या टेम्पोवाल्या भाईंना फोन लावला. एकशे आठची गाडी वर यायला किती वेळ लावेल याचा भरवसा नव्हता. भाईंनी एकही प्रश्न विचारला नाही, गाडी काढतो, एवढंच म्हणाले.

टेम्पो आला तेव्हा आईने माळ्यावरची कापसाची गादी स्वतः खाली काढली आणि टेम्पोत अंथरली. भावाला चादरीसकट उचलून तिच्यावर ठेवलं. त्याची बायको पुढे बसली, मी मागे त्याच्याजवळ, उघड्यावर. घाटभर विजा कडाडत होत्या. एक तर इतकी जवळ पडली की रस्त्याकडेची झाडं पांढरी दिसली. मला कसली भीती वाटत होती ते सांगते. विजेची नव्हे. प्रत्येक खड्ड्याला टेम्पो उसळत होता आणि भाऊ एकदाही कण्हत नव्हता. मी मनात म्हणत होते, ओरड रे. एकदा तरी ओरड.

महाडच्या डॉक्टरांनी रविवार असून दवाखाना उघडला. त्यांनी विचारलं, दुखतंय का? भाऊ म्हणाला, अजिबात नाही. एवढं ऐकून डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. अंगठे वर उचलायला सांगितले. उजवा जरा हलला, डावा पडून राहिला. मग आम्हाला बाहेर काढून त्यांनी बसायची जागा तपासली. बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई, याला आजच पनवेलला न्या. उद्या नाही, आजच."

ते फोनवर पुढच्या हॉस्पिटलशी बोलत असताना मी भिंतीवरचं चित्र बघत होते. मज्जारज्जू पाठीत शेवटपर्यंत जातच नाही. कमरेच्या वरच संपतो, आणि तिथून खाली नसांचा नुसता झुबका लोंबत असतो. डॉक्टर फोन ठेवून म्हणाले, हिला घोड्याची शेपटी म्हणतात. चकतीचा मोठा तुकडा फुटून थेट या शेपटीवर बसला असणार. एक नस दाबली की पाय दुखतो. सगळी शेपटी दाबली की आधी दुखतं आणि मग दुखायचं थांबतं. थांबल्यावर लोक घरी देवाला नारळ फोडतात, असं ते म्हणाले. त्यांना आमच्या घरचं काही माहीत नव्हतं.

रुग्णवाहिका मिळाली. भाई टेम्पो तिथेच सोडून आमच्याबरोबर आले. पनवेलला एमआरआय झाला आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं.

सर्जन तरुण होते. गादीचा तुकडा काढला, नसा मोकळ्या झाल्या, आता त्या जाग्या होतील की नाही हे त्यांच्या हातात नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. किती वेळ दबून होत्या यावर ते असतं. जागी झालीच तर नस फार हळू वाढते, वरून खाली, आणि तिच्या मर्जीने. मी त्यांना माझ्या पायाबद्दल विचारलं. ते हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं. म्हणाले, तुकडा आधीच बाहेर आला असणार, दोन्ही पायांत कळ गेली तेव्हाच. पाय टेकवल्याने काही बिघडलं नसावं. 'नसावं' म्हणाले. तो शब्द मी अजून बरोबर घेऊन फिरते.

भाऊ घरी आला तो लघवीची नळी घेऊन, डावा पाय लोंबता. कारखान्यात त्याच्या जागी दुसरा घेतला. तो पडवीत बसून रस्त्याकडे बघायचा. चिडायचा नाही, भांडायचा नाही, हेच मला सहन होत नव्हतं. बायको रोज नळीची पिशवी रिकामी करायची आणि तो तोंड फिरवायचा. एका दुपारी त्याने मला विचारलं, हे असंच राहणार का? मी शिक्षिकेच्या आवाजात नसांबद्दल काहीतरी सांगितलं. त्याने हात वर केला, पुरे.

आणि आईने गावभर काय सांगितलं असेल? तिने सांगितलं की पोरीच्या पायाने उसण गेली होती, सकाळी पोर चालत अंगणात गेला, सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टरने कापला म्हणून पाय गेला. वाडीला हे पटलं, पोलादपूरला पटलं, आणि महाडात माझ्या दारात पूर्वीपेक्षा जास्त माणसं येऊ लागली. मी आता पाय देत नाही. उंबऱ्यात आडव्या पडलेल्या माणसाला उठवते आणि विचारते, लघवी होते का? बसायची जागा बधिर वाटते का? दोन्ही पायांत जाते का? बायका तोंडाला पदर लावतात. एक म्हातारा चिडून म्हणाला, बाईंना वंगाळ बोलायची सवय लागली. लागू दे. काहींना मी दटावून दवाखान्यात पाठवलं, काही जण दुसरी पायाळू शोधायला गेले. खाली कुठेतरी एक आहे म्हणे, तरुण आहे, काही विचारत नाही.

वैशाखात मी वाडीवर गेले होते. नळी तोवर निघाली होती, पण लघवीला घड्याळ लावून जावं लागायचं, आपली आपण जाणीव होत नव्हती. भाऊ पडवीत पाय लांब करून बसला होता. वळवाचे ढग जमत होते. लांब कुठेतरी गडगडलं. आईने माझ्याकडे पाहिलं, पण आत जा म्हणाली नाही. टेम्पोच्या दिवसापासून ती तसं म्हणत नाही.

मग भाऊ खाली डाव्या पायाकडे बघत, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात बोलला.

"ताय, अंगठा दुखतोय."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"आग होते नुसती. सकाळपासनं. सुई टोचल्यागत." त्याने हाताने पाय उचलून माझ्याकडे सरकवला. "खूप दुखतंय गो."

त्याची बायको आतून धावत आली आणि दारातच खाली बसली. तिने तोंडावर हात दाबला होता. मी त्याचा अंगठा हातात घेतला. तो थंड होता, नेहमीसारखाच, हलतही नव्हता. मी नखाने जरासं दाबलं आणि भाऊ कळवळला. इतक्या महिन्यांनी मला रडू फुटलं, चारचौघांत, मोठ्याने.

आईला यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं होतं की पोराला दुखतंय. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, कोपऱ्यातली घोंगडी झटकून पडवीत अंथरली आणि मला म्हणाली, रडतेस काय, त्याला पालथा कर आणि पाय दे.

"नको आये," मी म्हटलं. "दुखू दे त्याला."